बैसाणे मॅडमचे मोठे पापड

बैसाणे मॅडमनी पहिल्या दिवशी हजेरी घेतलीच नाही. जामनेरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कलेच्या वर्गात आम्ही साठ-बासष्ट पोरंपोरी कोंबून बसलो होतो. मॅडम आत आल्या. अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी घड्याळ. टेबलाला टेकून म्हणाल्या, "आज सकाळी घरात काय झालं, प्रत्येकाने एक वाक्य सांगा." पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "चहा झाला."

"आपोआप?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. केला."

"कोणी?"

"आईने."

"मग त्या बाईला वाक्यात बसायला जागा द्या की. पहाटे उठून चहा तिने करायचा, आणि वाक्यात चहा एकटाच पाय पसरून बसलाय."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण पुढचा नंबर माझा होता आणि माझं वाक्य "घर झाडून झालं" असं तयार होतं. ते घाईघाईने बदलून मी म्हटलं, "आईने घर झाडलं." मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली. एवढ्याशा गोष्टीने मी दिवसभर हवेत होते. पुढे त्या वाक्यापेक्षा फार वाईट वाक्यं मी त्यांच्यासमोर उभी राहून वाचली, म्हणून तो दिवस लक्षात राहिला असेल.

मॅडम शिंदखेड्याच्या. शिकवायच्या मराठी, पण समाजशास्त्राची जागा कित्येक वर्षं रिकामी असल्यामुळे तो विषयही त्यांच्याच गळ्यात पडला होता. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवायचं तितक्याच तासांचा पगार, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून माडीवरच्या एका खोलीत मी नववीत असल्यापासून भाड्याने राहायच्या. वर्गात त्यांची मराठी स्वच्छ, पुस्तकी म्हणावी अशी. पण राग आला किंवा फार आनंद झाला की तोंडून अहिराणी निघायची. आमच्या जामनेरकडची बोली निराळी, त्यामुळे "आहे"च्या जागी त्यांचं "शे" ऐकून आम्ही खिदळायचो. त्या म्हणायच्या, "हसा. तुमचं 'करू राहिलो, जाऊ राहिलो' ऐकून आमचं शिंदखेडं हसतं. फिटंफाट."

अकरावीत आल्यावर त्यांनी नाम, सर्वनाम, विशेषण अगदी पहिल्यापासून सुरू केलं तेव्हा आम्हाला अपमान वाटला होता. एकाने धीर करून म्हटलं, मॅडम, हे पाचवीत झालं. "पाचवीत पाठ झालं," मॅडम म्हणाल्या, "आता समजून घेऊ." आणि खरोखरच त्यांनी आम्हाला समजावलं. विशेषणाबद्दल त्यांचा हात फार आखडता असे. "चांगले लोक, प्रेमळ घर, असं लिहायचं नाही. काय केलं त्या लोकांनी ते लिहा. चांगले आहेत की नाहीत ते आम्ही बघून घेऊ." सर्वनामं शिकवताना त्यांनी 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यावर अख्खा तास घालवला. "तुम्ही मला म्हणालात, मॅडम, आम्ही सहलीला चाललो, तर मी घरी झोपणार. आपण सहलीला चाललो म्हणालात, तर मला सकाळी उठून दशम्या कराव्या लागतील. तेव्हा माणसांना बोलावताना जपून बोलावत जा."

बाजारातही त्यांची ही खोड जायची नाही. भाजीवाला म्हणायचा, मेथीचे भाव वाढले. या विचारायच्या, वाढवले कोणी? तो बिचारा म्हणायचा, "मॅडम, घ्यायची तर घ्या, नाहीतर पुढच्या माणसाला जागा द्या." मी त्यांच्यासोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

समाजशास्त्राचं मात्र त्यांनी वेगळंच केलं होतं. त्या म्हणायच्या, "पुस्तक वर्गात वाचायचं. समाज घरी वाचायचा." आठवड्यात एक धडा व्हायचा: कुटुंब, विवाह, जात, वर्ग, रूढी. आणि शनिवारी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. धड्यात जे वाचलं ते स्वतःच्या उंबऱ्याच्या आत कुठे दिसलं, तेवढंच. गावाबद्दल नाही, देशाबद्दल तर नाहीच. पाच-सहा जण उभे राहून वाचायचे. बाकीच्यांच्या वह्या मॅडम घरी नेऊन तपासायच्या आणि सोमवारी परत द्यायच्या. तपासायच्या फक्त व्याकरण. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, चुकलेली विभक्ती, आणि खाली सही. एका मुलाने लिहिलं होतं की घरात अंडी दोन येतात आणि दोन्ही त्यालाच मिळतात, बहिणीला वास आवडत नाही असं आई म्हणते, पण बहिणीला कधी कोणी विचारलेलं नाही. मॅडमनी त्या पानावर एक स्वल्पविराम घातला आणि दहापैकी नऊ गुण दिले. आम्ही म्हटलं, मॅडम, तुम्ही मजकुरावर काहीच लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "मजकूर तुमचा. त्याला मी हात लावणार नाही."

आता पापडांचं सांगायला हवं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात उडदाचे पापड एकटी बाई कधी लाटत नसे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी पाळी असायची. ज्या घरी पापड असतील तिथे सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सकाळी आठला हजर. पीठ कुटून ठेवलेलं, तेलाचा हात लावून लाट्या पाडलेल्या, आणि दुपारपर्यंत चार-पाचशे पापड माडीवर जुन्या साड्यांवर वाळत पडलेले. मजुरी कोणी कोणाला देत नसे. मॅडम गल्लीत राहायला आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात आई त्यांना बोलवायला गेली होती. तेव्हापासून त्या दर वर्षी यायच्या. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून मिरवणुकीला जायच्या आणि दोन-चार दिवसांनी आमच्या ओट्यावर पापड लाटायला बसायच्या. त्या बौद्ध आहेत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कधी कोणी एक अक्षर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात जात हा शब्दच उच्चारला जात नसे. त्यामुळे ती आमच्या घरात नाही, असा माझा सरळ हिशोब होता.

मॅडमचा पापड मोठा असायचा. शिंदखेड्याकडे तसाच लाटतात म्हणे, पातळ आणि चांगला ताटलीएवढा. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या. "मॅडम, पापड करू राहिल्या का छत्री?" मॅडमही मागे राहायच्या नाहीत. "तुमना पापड म्हंजे बटन शे," म्हणायच्या, आणि सगळा ओटा हसायचा. संध्याकाळी वाळलेले पापड आई डब्यांत भरायची. आमचे दोन मोठे डबे, आणि मॅडमचे पापड निळ्या झाकणाच्या तिसऱ्या डब्यात. मोठे पापड लहान पापडांत नीट बसत नाहीत, म्हणून वेगळा डबा, असं मी धरून चालले होते. आठ दिवसांनी आई तो निळ्या झाकणाचा डबा मॅडमना नेऊन द्यायची. "घ्या मॅडम, तुम्ही एवढ्या राबल्या आमच्यासाठी." मॅडम हसून घ्यायच्या. दोघींचं ते देणं-घेणं बघून मला भरून यायचं.

बारावीचं वर्ष सुरू झालं आणि जुलैत धडा आला सहकार्याचा. माणसं एकमेकांना धरून कशी राहतात, वगैरे. मला वाटलं, हा तर माझ्यासाठीच आला. शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईजवळ वही घेऊन बसले आणि पापडांबद्दल एकेक विचारू लागले. पीठ किती, बायका किती, कोणाची पाळी कधी. मॅडमनी सांगितलंच होतं, विशेषणं नकोत, काय करतात ते लिहा. म्हणून मी डब्यांचंही विचारलं.

"आई, मॅडमचे पापड आपण कधी तळतच नाही ना?"

"ते कशाला तळायचे?" आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "ते त्यांचे. त्यांचे त्यांना देऊन टाकते मी. उरले काही तर शेतावरच्या माणसांना देते."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मला त्यात काही खटकलं नाही. तेव्हा मी काय सतरा वर्षांची बाळ होते? पण नाही खटकलं, हे खरं आहे.

शनिवारी मी हात वर करून पहिली उभी राहिले. माझ्या शेजारी प्रज्ञा बसायची, अकरावीपासूनची माझी मैत्रीण. सुरुवातीला वर्ग मजेत ऐकत होता. छत्री आणि बटणाच्या वाक्याला सगळे हसले. मॅडमही फळ्याजवळ उभ्या राहून हसल्या. मग मी वाचलं, "आई बैसाणे मॅडमचे पापड निळ्या झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवते. ते पापड आम्ही खात नाही आणि पाहुण्यांनाही वाढत नाही. आई ते पापड मॅडमना परत देते. उरलेले पापड आई शेतावरच्या मजुरांना देते."

प्रज्ञाने माझ्या ओढणीचं टोक धरून खाली ओढलं. "बस कर गं," ती हळूच म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. तेव्हा, त्या क्षणी, मी काय वाचलं ते मला ऐकू आलं. चालता चालता पायाखालची पायरी नसावी तसं झालं. तीन उन्हाळे मी त्या डब्यासमोर उभी होते. एकदा तर आईच्या सांगण्यावरून मीच तो मॅडमच्या माडीवर पोहोचवला होता, आणि वर "मॅडम, डबा रिकामा झाला की द्या" असंही म्हटलं होतं.

"झालं मॅडम," मी म्हटलं.

"नाही झालं," मॅडम म्हणाल्या. "खाली दोन ओळी दिसतात. वाच."

मला वाटलं, त्या मला वाचवतील. त्यांनी वाचवलं नाही. मी वाचलं, "अशा प्रकारे आमच्या गल्लीत सहकार्य दिसुन येते. आम्ही सर्व एक आहोत."

नेहमीचं "कोणी?" हे मॅडमना विचारावं लागलं नाही, माझ्या प्रत्येक वाक्यात आई जागेवर बसलेली होती. "बस," त्या म्हणाल्या. "पुढे कोण वाचतंय?"

सोमवारी वही परत आली. मी ती संडासात जाऊन उघडली, कारण सगळ्यांसमोर उघडायची हिंमत नव्हती. 'पोळपाट' आणि 'लाटणं' यांच्यामध्ये एक छोटी रेघ घातली होती. 'दिसुन'मधला सु दीर्घ केला होता. खाली सही, दहापैकी आठ. एवढंच. त्यांनी वही फाडून माझ्या तोंडावर फेकली असती तर मला इतका धक्का बसला नसता.

त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी दारातच रडायला लागले. "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत शे माले," त्या म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलंस. माहीत असतं तर लिहिलं असतंस का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. माझ्या हातचे पापड मला ओळखू येणार नाहीत होय? तुझ्या आईने दिलेला डबा मी इथे बसून उघडला. पाहते तर सगळे माझेच."

"मग काय केलं तुम्ही?"

"तळले. आणि खाल्ले. चांगले होते."

मला वाटलं त्या हसतील. त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. मी विचारलं, "मग तुम्ही पुढच्या वर्षी का आलात आमच्याकडे?"

"यायचं नाही असं ठरवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण तुझी आई दारात येऊन उभी राहिली. म्हणे, मॅडम, तुम्ही नसल्या तर मजा नाही. भाग्यश्री, ते ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माझ्याशिवाय करमत नव्हतं. आणि संध्याकाळी तिनेच ते पापड वेगळे काढले. पुस्तकात याला काही नाव असेल तर मला सापडलेलं नाही. मी अजून बघते आहे."

मला त्यांच्यावर राग आला होता, हे कबूल करते. इतकी वर्षं माहीत असून गप्प का बसल्या, निदान मला तरी का नाही सांगितलं. तसं मी म्हटलंही. त्यावर मात्र त्या उसळल्या. "मीच सांगू? माझे पापड वेगळे काढतात हेसुद्धा मीच सगळ्यांना सांगत फिरू? तुम्हाला डोळे नव्हते?" आणि मग शांत होऊन, "जा आता. मेथी कोमेजते."

गोष्ट तिथेच राहिली असती. पण वर्गातल्या कोणीतरी माझ्या पानाचा फोटो काढला होता. तो बुधवारी गल्लीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला. बभ्रा व्हायला कितीसा वेळ लागतो. कुणालाच डब्याचं काही वाटलं नाही, कारण तसे डबे बहुतेक घरांत होते. सगळ्यांना वाटलं ते पानाचं. ही बाई पोरांकडून घरातली उणीदुणी लिहून घेते आणि चव्हाट्यावर मांडते, असं सगळ्या म्हणू लागल्या. कॉलेजात तक्रार गेली. आई मला मारील असं वाटलं होतं, तिने मारलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी एकदम म्हणाली, "मी काय वाईट केलं वं? बोलावलं नाही का मी तिला? जवळ बसवलं नाही का? डबा भरून दिला नाही का? अजून काय करायला पाहिजे होतं मी?" ती खरोखर विचारत होती.

प्राचार्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. भाऊ म्हणजे माझे वडील, आमच्याकडे वडिलांना भाऊच म्हणतात. कापसाच्या जिनिंगवर कारकून होते, भिडस्त माणूस, कोणाशी उंच आवाजात बोललेले मला आठवत नाहीत. प्राचार्य म्हणाले, तुमच्या मुलीने लेखी द्यावं की हे पान मॅडमच्या सांगण्यावरून लिहिलं, तिच्या मनाचं नाही. नाहीतर मग मुलीबद्दलच विचार करावा लागेल, आणि बारावीचं वर्ष आहे. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊंनी अर्ज आणला. चांगला मुद्देसूद, नेमक्या शब्दांत लिहिलेला, कोणत्याही वाक्यात बोट ठेवायला जागा नाही. त्यावर माझी सही झाली. भाऊंनी माझ्याकडून सही करून घेतली, असं मी पुढची सात वर्षं सांगत आले. प्रज्ञालाही तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि त्यानंतर ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

मॅडमचे तास दिवाळीआधीच बंद झाले. पुस्तकांची खोकी आणि एक कपाट टेम्पोत चढवून त्या गेल्या. मी खिडकीतून बघत होते. आई खाली गेली नाही, मीही गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात पापडांच्या पाळ्या लागल्याच नाहीत. ज्याने त्याने आपापले विकत आणले.

मी बी. ए. झाले, परीक्षा दिल्या, जळगावला सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागले. परीक्षेतलं मराठी व्याकरण मला कधी अवघड गेलं नाही. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले. या वर्षी उन्हाळ्यात कळलं की बैसाणे मॅडम धुळ्यात आहेत, भावाकडे राहतात आणि एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या पोरांना व्याकरण शिकवतात. रविवारी सकाळी मी एस.टी. पकडली. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत एकच वाक्य मनात घोळवत होते, की मॅडम, माझा इलाज नव्हता, भाऊंनी लावली सही करायला.

त्या अभ्यासिकेच्या बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. केस सगळे पिकलेले, पायात तेच कॅनव्हासचे बूट. मला त्यांनी लगेच ओळखलं. नोकरी कुठे, आई कशी आहे, विचारलं. भाऊ गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "भला माणूस होता," म्हणाल्या. मग मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

त्यांनी विचारलं, "भाऊंनी तुला कधी सांगितलं नाही?"

"काय?"

"तो अर्ज मी लिहिला होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"प्राचार्यांकडून निघून ते सरळ माझ्या खोलीवर आले होते," मॅडम म्हणाल्या. "हातात कोरा कागद. म्हणाले, मॅडम, तुमच्याविरुद्ध लिहायचं आहे, मला काही सुचत नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय लिहायची हिंमत नाही. मी म्हटलं, आणा इकडे. माझी तक्रार शे ना, मग भाषा तरी धड ऱ्हाऊ द्या."

"माझं वर्ष वाचावं म्हणून?" मी विचारलं.

"एवढी मोठी नाही मी. तुझ्या वडिलांची दया आली. आणि तुझा रागही आला होता. दोन्ही होतं." त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "भाऊंना एवढंच सांगितलं होतं की मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका, आणि सही कर असं म्हणू नका. नुसता पुढ्यात ठेवा. दोन दिवस द्या तिला."

"दोन दिवस कशाला?"

"मला वाटत होतं, तू करणार नाहीस सही. त्या पानावर तुझ्या आईचं नाव तू घाबरून लपवलं नव्हतंस. म्हटलं, ही पोरगी कागद परत पाठवील. मी वाट बघत होते. दोन दिवसांनी चौकशी केली, तर अर्ज दुसऱ्याच दिवशी सकाळी कॉलेजात पोहोचलेला."

आतून पोरांनी हाक मारली, मॅडम, दहा वाजले. त्या खडू घेऊन उठल्या. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, पण मी न बोलता तिथून जाऊ शकले नसते. सात वर्षांत पहिल्यांदाच ती संध्याकाळ मला जशी घडली तशी दिसत होती. भाऊंनी कागद माझ्या ताटाशेजारी ठेवला होता. सही कर असं ते म्हणाले नव्हते. म्हणाले होते, "थांब, दोन दिवस विचार कर, बेटा." आणि मीच म्हटलं होतं, "कशाला उगाच? होऊन जाऊ दे." उष्ट्या हाताने मी पेन मागितलं होतं, आणि सकाळी तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला होता.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या दारात थांबून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं, भाऊंवरचा आळ उतरला," आणि आत वर्गावर गेल्या.